अक्षरांचा कचरा झालाय? दुरुस्तीआधी बाइट बघा

अर्जात 'मराठी' असं लिहिलं, जतन केलं, पान पुन्हा उघडलं आणि तिथे भलतंच काही. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, त्यांच्यामागे चार टोकांचं गोल चलनचिन्ह, मध्येच जपानी येन. किंवा त्याहून वाईट म्हणजे सरळ पाच प्रश्नचिन्हं. अशा वेळी बहुतेक जण सेटिंग चाळवायला लागतात. इथे यूटीएफ-८ लिहून बघ, तिथला लॅटिन-१ काढून बघ, पान ताजं कर, पुन्हा बघ. (यूटीएफ-८ आणि लॅटिन-१ ही एन्कोडिंगं, म्हणजे कुठल्या अक्षरासाठी कुठले बाइट हे ठरवणारे तक्ते.) माझीही सुरुवात अशीच झाली. त्यातून कधीकधी पान सुधारतं आणि डेटा बिघडतो, हे कळायला मात्र बराच वेळ गेला.

हा लेख मुख्यतः मायएसक्यूएल हा डेटाबेस धरून लिहिला आहे, कारण नवख्यांची गाडी जास्त करून तिथेच अडते. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमनमध्ये टंकायच्या. बाइटच्या हेक्स (सोळाच्या पायावरच्या) किमतीही तशाच: ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं आणि आकडे.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

बिघाडाचे चार-पाच चेहरे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

तिरक्या रेघेचे ए आणि चलनचिन्हं दिसत असतील तर खुश व्हा. बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचले जात आहेत. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. हेच तीन बाइट कोणी विंडोज-१२५२ (मायएसक्यूएलचा लॅटिन-१ तक्ता प्रत्यक्षात हाच) समजून वाचले, तर ई० चा होतो तिरक्या रेघेचा ए, ए४ चं होतं चलनचिन्ह आणि एई चं होतं गोलातलं आर. युनिकोडच्या देवनागरी तक्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागातली अक्षरं ई० ए४ ने सुरू होतात आणि दुसऱ्या अर्ध्यातली ई० ए५ ने. ए५ म्हणजे येन. दीर्घ ईची मात्रा, उकार, एकार, ओकार, हलन्त हे सगळं दुसऱ्या अर्ध्यात येतं. त्यामुळे सवय झाली की कचऱ्यात येन दिसलं की तिथे मात्रा असावी, एवढं नुसत्या नजरेनेही कळतं.

प्रश्नचिन्हं ही वाईट बातमी. कुठल्यातरी टप्प्यावर अक्षर अशा तक्त्यात बदलायला गेलं जिथे त्याला जागाच नव्हती, आणि त्या जागी ३एफ हा प्रश्नचिन्हाचा बाइट टाकला गेला. हे फक्त वाचताना होत असेल तर ठीक. साठवतानाच झालं असेल तर मूळ अक्षर गेलं.

काळ्या तिरप्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे वाचणाऱ्याला यूटीएफ-८ अपेक्षित होतं आणि मिळालेले बाइट त्या नियमात बसले नाहीत. एखादं अक्षर मधोमध कापलं गेलं की नेमकं हेच होतं. पण डेटाबेसमध्येच ईएफ बीएफ बीडी असे बाइट सापडले, तर ते चिन्ह स्वतःच साठवलं गेलं आहे आणि खालचं अक्षर संपलं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर हा लेख बंद करा. तो फॉन्टचा प्रश्न आहे. तसंच, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. तिथे डेटा खरोखरच रोमन आहे, त्याला फॉन्टनुसार बनवलेलं परिवर्तक लागतं, एन्कोडिंगची दुरुस्ती नव्हे.

पाचवा चेहरा गुपचूप येतो: इमोजीपर्यंत मजकूर बरोबर आणि पुढचं सगळं गायब. त्याच्याकडे नंतर येऊ.

बाइट कसे बघायचे

पडद्यावर विसंबू नका. ब्राउझर, डेटाबेस हाताळायचं साधन, काळी खिडकी (कमांड लाइन) हे सगळे आपापलं कनेक्शन आणि आपापला तक्ता घेऊन येतात. तिथे मजकूर बरोबर दिसला म्हणून तो बरोबर आहे असं नाही, आणि चुकीचा दिसला म्हणून चुकीचाच आहे असंही नाही. हेक्स फंक्शन मात्र कॉलममध्ये पडलेले बाइट आकड्यांत देतं, आणि आकड्यांचा कचरा होत नाही.

आपल्याच अॅप्लिकेशनच्या अर्जातून, म्हणजे नेहमीच्या वाटेने, फक्त 'मराठी' एवढाच शब्द असलेली एक नोंद भरा. काळ्या खिडकीतून थेट इन्सर्ट करू नका, ती वाट वेगळी. मग त्या नोंदीवर सिलेक्ट चालवून तीन गोष्टी मागा: हेक्स, लेंथ आणि कॅर लेंथ. लेंथ बाइट मोजतं, कॅर लेंथ अक्षरं मोजतं. 'मराठी' मध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ ई अशी पाच युनिकोड अक्षरं आहेत, म्हणजे पंधरा बाइट.

आता उत्तर वाचा.

१५ बाइट आणि ५ अक्षरं आली, हेक्सची सुरुवात ई०ए४एई अशी झाली, तर साठवण निर्दोष आहे. चूक वाचण्याच्या वाटेवर आहे, डेटाला हात लावू नका.

१५ बाइट आणि १५ अक्षरं आली, तर कॉलम लॅटिन-१ आहे आणि आत यूटीएफ-८ चे बाइट कोंबलेले आहेत. मायएसक्यूएलला वाटतंय ती पंधरा पाश्चात्त्य अक्षरं आहेत.

३१ बाइट आणि १५ अक्षरं आली, सुरुवात सी३ए०सी२ए४ अशी झाली, तर हे दुहेरी एन्कोडिंग. यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदलले गेले. तीस ऐवजी एकतीस का, तर शेवटच्या दीर्घ ईचा तिसरा बाइट ८० आहे. विंडोज-१२५२ मध्ये तो युरोचं चिन्ह होतो, आणि युरो यूटीएफ-८ मध्ये दोन नव्हे, तीन बाइट घेतो.

५ बाइट, ५ अक्षरं आणि सगळीकडे ३एफ दिसलं, तर या नोंदीतून परत मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही.

हीच तपासणी जुन्या नोंदींवरही करा: सगळ्यात जुनी एक, मधल्या काळातल्या दोन-तीन, कालची एक. वेगवेगळ्या काळातल्या नोंदी वेगवेगळ्या प्रकारे बिघडलेल्या असणं हे अगदी नेहमीचं आहे. सर्व्हर बदलला, लायब्ररीची आवृत्ती बदलली, कोणीतरी 'सुधारणा' केली, की प्रत्येक वेळी टेबलात एक नवा थर साठतो.

दोन चुका एकमेकींना झाकतात

नवख्या माणसाला सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार असा. साइट कित्येक वर्षं सुरळीत चालू आहे, मजकूर छान दिसतो. एक दिवस तुम्ही कनेक्शनवर यूटीएफ-८ लावता, म्हणजे बरोबर तेच करता, आणि सगळा जुना मजकूर कचरा होतो. सगळे तुमच्याकडे बघायला लागतात.

झालेलं असतं असं. ब्राउझर यूटीएफ-८ पाठवत होता. अॅप्लिकेशनने कनेक्शनचा तक्ता कधी सांगितलाच नाही, म्हणून मायएसक्यूएलने लॅटिन-१ गृहीत धरला. आवृत्ती ८.० येईपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, त्याचं मूळ सेटिंगच लॅटिन-१ होतं आणि कोलेशन (अक्षरं क्रमाने लावायचे नियम) स्वीडिश. कॉलमही लॅटिन-१. त्यामुळे बाइट जसेच्या तसे आत गेले आणि जसेच्या तसे बाहेर आले. जाताना केलेली चूक येताना फिटत होती. जुन्या नोंदींपुरती तुम्ही फक्त येण्याची वाट दुरुस्त केलीत, म्हणून जाण्याच्या वाटेवरची जुनी चूक उघडी पडली. डेटा तुम्ही बिघडवलेला नाही. पण त्या दिवसापासून आलेल्या नोंदी वेगळ्या प्रकारच्या आहेत, हे लक्षात ठेवा. आणि कॉलम अजून लॅटिन-१ च असेल तर त्यांतली देवनागरी एकतर नाकारली जातेय किंवा प्रश्नचिन्हं होऊन साठतेय.

म्हणून कनेक्शन बदलणं आणि जुना डेटा दुरुस्त करणं एकाच बैठकीत, लिहिणं बंद ठेवून करायचं. आधी एक, पुढच्या आठवड्यात दुसरं, असं नको.

वाट सरळ करणे

नव्या मजकुरासाठी साखळीतली प्रत्येक कडी एकच भाषा बोलली पाहिजे. कड्या फार नाहीत.

पानाच्या एचटीटीपी हेडरमध्ये कंटेंट टाइपसोबत कॅरसेट यूटीएफ-८ जायला हवं. एचटीएमएलमधला मेटा कॅरसेट टॅग पहिल्या १०२४ बाइटमध्ये हवा, पण हेडर आणि मेटा यांचं जमलं नाही तर ब्राउझर हेडरचं ऐकतो. मेटा बदलून काहीच फरक पडत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. पानच यूटीएफ-८ असलं की अर्जही त्याच तक्त्यात येतो.

प्रोग्रामच्या फाइली बीओएमशिवाय यूटीएफ-८ मध्ये जतन करा. फाइलच्या सुरुवातीचे ते तीन अदृश्य बाइट, ईएफ बीबी बीएफ, पीएचपीत हेडर जाण्याआधीच बाहेर पडतात आणि 'हेडर आधीच पाठवले गेले' या इशाऱ्यामागे तासभर फिरायला लावतात.

कनेक्शन ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी कडी. पीएचपीच्या पीडीओमध्ये (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) जोडणीच्या ओळीतच कॅरसेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधल्या खऱ्या यूटीएफ-८ चं नाव) लिहा. मायएसक्यूएलआय वापरत असाल तर सेट कॅरसेट हे फंक्शन वापरा. सेट नेम्स ही आज्ञा हाताने चालवूनही काम होतं, पण मग लायब्ररीला तक्ता बदलल्याचं कळत नाही आणि तिचं एस्केपिंग (मजकुरातली अवतरणचिन्हं वगैरे सुरक्षित करणं) जुन्याच समजुतीवर चालतं. जोडणी झाल्यावर त्याच अॅप्लिकेशनमधून शो व्हेरिएबल्स लाइक कॅरॅक्टर सेट टक्के ही चौकशी चालवून क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स या तिन्हींसमोर यूटीएफ८एमबी४ आहे ना, ते बघा.

शेवटी कॉलम. डेटाबेसचं किंवा टेबलाचं डिफॉल्ट बदललं की झालं, असा समज असतो. ते डिफॉल्ट फक्त पुढे तयार होणाऱ्या गोष्टींना लागू होतं; आधीचे कॉलम जिथे होते तिथेच राहतात. शो क्रिएट टेबल चालवा आणि प्रत्येक कॉलमसमोर काय लिहिलंय ते वाचा.

जुना डेटा

आधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून बघा. बॅकअप काढतानाच अक्षरं बिघडली असतील तर तो असून नसल्यासारखा. पुढचं सगळं आधी त्या प्रतीवर.

पहिली शक्यता: कॉलम लॅटिन-१ आणि आत खरोखरच लॅटिन मजकूर. इथे ऑल्टर टेबल, कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ही एकच आज्ञा पुरते. ती अक्षरांचं भाषांतर करते.

दुसरी: कॉलम लॅटिन-१ आणि आत यूटीएफ-८ चे बाइट, म्हणजे १५ आणि १५ चा प्रकार. इथे वरची आज्ञा चालवलीत तर दुहेरी एन्कोडिंग स्वतःच्या हाताने तयार कराल. इथे भाषांतर नको, फक्त नावाची पाटी बदलायची आहे. म्हणून दोन पावलं: आधी ऑल्टर टेबल मॉडिफाय करून टेक्स्ट कॉलम ब्लॉब करा, व्हारकॅर असेल तर तेवढ्याच लांबीचा व्हारबायनरी. बायनरी प्रकाराला तक्ता नसतो, त्यामुळे बाइटना धक्का लागत नाही. मग पुन्हा मॉडिफाय करून टेक्स्ट, कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४. मॉडिफायमध्ये नॉट नल, डिफॉल्ट मूल्य वगैरे सगळं पुन्हा लिहावं लागतं. विसरलात तर ते उडतं. कॉलमवर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर आधी काढा, नंतर परत घाला. दुसऱ्या पावलाला चूक क्रमांक १३६६ आली, तर कुठल्यातरी नोंदीत अर्धवट अक्षर आहे. लॅटिन-१ मधल्या १०० अक्षरांच्या कॉलमात देवनागरीची फक्त ३३ अक्षरं बसतात आणि चौतिसावं मधोमध तुटतं. ते तुटके बाइट आधी छाटावे लागतात.

तिसरी: कॉलम यूटीएफ८एमबी४ आणि आत दुहेरी एन्कोडिंग. इथे एक फेरा उलटा फिरवायचा: कॉलम लॅटिन-१ मध्ये कन्व्हर्ट करायचा, त्याला कास्ट करून बायनरी म्हणायचं, आणि त्या बायनरीला पुन्हा यूटीएफ८एमबी४ म्हणून कन्व्हर्ट करायचं. तिन्ही एकात एक घालून एकच राशी होते, आणि ती अपडेटमध्ये वापरता येते.

इथेच मी हात भाजून घेतले. एका कामात टेबलातला जुना भाग दुहेरी होता आणि नवा भाग ठीक. मी अपडेट सगळ्या नोंदींवर चालवला. बिघडलेल्या सुधारल्या. ज्या बरोबर होत्या, त्यांतली देवनागरी लॅटिन-१ मध्ये बदलायला गेली, तिथे तिला जागा नव्हती, आणि त्या सगळ्या नोंदी प्रश्नचिन्हांनी भरल्या. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून वेअरशिवाय ही आज्ञा मी लिहीत नाही. देवनागरीसाठी अट सोपी आहे: हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ ही मालिका असेल तीच नोंद घ्या, आणि जिच्यात ई०ए४ किंवा ई०ए५ सुद्धा आहे ती सोडा. अशा सरमिसळ नोंदी थोड्या असतात, त्या हातानेच बघाव्या. शिवाय निकाल थेट त्याच कॉलमात न लिहिता शेजारी एक तात्पुरता कॉलम करून त्यात लिहा आणि शंभर-दोनशे ओळी डोळ्यांखालून घाला.

ही दुरुस्ती डेटाबेसबाहेर, पायथनसारख्या भाषेत करायचा मोह होतो. तिथे देवनागरीसाठी एक खास खड्डा आहे. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. उकाराचा शेवटचा बाइट ८१, हलन्ताचा ८डी, 'ए' चा ८एफ, 'ऐ' चा ९०, 'झ' चा ९डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार नेमका त्या खड्ड्यात. काटेकोर परिवर्तक तिथे चूक दाखवून थांबतो. आणि चुकांकडे दुर्लक्ष करायला सांगितलंत, तर जोडाक्षरं फुटलेला मजकूर हातात येतो. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ नावाने लॅटिन-१ असलं तरी प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे, आणि या पाच जागा ते जशाच्या तशा पार करतं. म्हणून हा उलटा फेरा शक्यतो डेटाबेसमध्येच फिरवा.

चौथी शक्यता, ३एफ. दुरुस्ती नाही, फक्त शोध: जुने बॅकअप, त्या नोंदीवरून गेलेले ईमेल, शोध-इंडेक्स, लॉग. ज्याने मजकूर दिला त्याच्याकडे तो असेल तर परत मागा.

इमोजीपाशी तुटणारा मजकूर

केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये आज एका अक्षराला कमाल चार बाइट लागतात. मायएसक्यूएलने मात्र ज्याला यूटीएफ८ असं नाव दिलं, तो तीन बाइटपुरताच आहे. देवनागरी तीनमध्ये बसते, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. इमोजीला चार लागतात. कडक मोड चालू असेल तर १३६६ ही चूक येते, नसेल तर मजकूर तिथेच कापून साठवला जातो. खरा यूटीएफ-८ हवा तर यूटीएफ८एमबी४. तो २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आला. तीनवरून चारवर जाणं निर्धोक आहे, कन्व्हर्ट टू पुरतं. फक्त जुन्या रो फॉरमॅटच्या (ओळी साठवायच्या पद्धतीच्या) इनोडीबी टेबलांत (इनोडीबी हे मायएसक्यूएलचं साठवणयंत्र) इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट असते, आणि २५५ अक्षरांचा कॉलम चारने गुणला की १०२० होतो. जुन्या प्रकल्पांत दिसणारा १९१ हा विचित्र आकडा यातूनच आला: १९१ गुणिले चार म्हणजे ७६४. रो फॉरमॅट डायनॅमिक केला की मर्यादा ३०७२ होते आणि ही काटकसर करावी लागत नाही.

दुसरे डेटाबेस थोडक्यात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एन्कोडिंग डेटाबेस तयार करतानाच ठरतं, नंतर बदलत नाही. डंप (सगळ्या डेटाची फाइल) काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावा लागतो. एन्कोडिंग एसक्यूएल आस्की असं दिसलं, तर तिथे काहीच तपासलं जात नव्हतं असं समजा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारकॅर असूनही प्रश्नचिन्हं येत असतील तर चौकशीत अवतरणचिन्हाआधीचा एन लिहायचा राहिला आहे. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ ची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, म्हणून ५० च्या कॉलमात देवनागरीची १६ अक्षरं मावतात.

मागची दारं

मुख्य अर्ज दुरुस्त झाला तरी डेटा इतर वाटांनी आत-बाहेर होत असतो. रात्री चालणारी स्क्रिप्ट स्वतःचं कनेक्शन उघडते, तिथेही कॅरसेट लिहा. डंप काढताना डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट हा पर्याय स्पष्ट द्या. विंडोजवरच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाने फाइलकडे वळवलेला डंप यूटीएफ-१६ मध्ये जातो आणि परत भरता येत नाही. त्याऐवजी रिझल्ट फाइल हा पर्याय वापरा. सीएसव्ही एक्सेलमध्ये कचरा दिसत असेल तर गंमत अशी, की इथे मघाशी शिव्या घातलेला बीओएमच कामाला येतो. तो सुरुवातीला घाला, एक्सेल यूटीएफ-८ ओळखतो.

पीएचपीत मजकूर आखूड करायला सबस्टर वापरत असाल तर ते बाइट कापतं. एमबी सबस्टर वापरा. तुटलेल्या अक्षराचा मजकूर जेसन एन्कोडला दिला तर ते फॉल्स देतं, आणि एपीआयचं उत्तर रिकामं का येतंय हे कोणाला समजत नाही.

सगळं झाल्यावर एक चाचणी-ओळ प्रत्येक दारातून पाठवा. मी 'ऐका, झुडपात एक चिन्ह' ही ओळ वापरतो, 'एक' नंतर एक इमोजी घालून. अर्थ काही विशेष नाही, पण वरचे पाचही खड्डे तीत आहेत, आणि इमोजीनंतर शब्द असल्यामुळे तुटलं तर लगेच दिसतं. अर्जातून, सीएसव्हीतून, एपीआयमधून, रात्रीच्या स्क्रिप्टमधून अशी चार वेळा ती भरा आणि चारही नोंदींचं हेक्स शेजारी शेजारी ठेवा. एखादं वेगळं निघालं, तर त्या दारामागचं कनेक्शन उघडा.